शब्दाचे ऋण : तातार शब्दांचे इंग्रजी भाषांतर आणि एक नैतिक प्रश्न

१

भाषांतरविषयक चर्चेत 'अननुवाद्य' ही संज्ञा बहुधा शब्दाचा अंगभूत गुणधर्म सांगावा अशा रीतीने वापरली जाते. अमुक भाषेतील अमुक शब्द दुसऱ्या भाषेत नेता येत नाही असे एकदा म्हटले, की उरतो तो केवळ तांत्रिक निर्णय : शब्द तसाच ठेवावा, तळटीप द्यावी, जवळचा पर्याय स्वीकारावा की शब्द गाळून पुढे जावे? या चारही मार्गांचे गुणदोष भाषांतरमीमांसेत विस्ताराने सांगितले गेले आहेत. मात्र कोणत्या शब्दांसाठी कोणता मार्ग निवडला जातो, आणि त्या निवडीमुळे एका समाजाचे कोणते चित्र दुसऱ्या समाजापुढे उभे राहते, या प्रश्नाकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. हा प्रश्न तंत्राचा नाही. तो न्यायाचा आहे. त्याचा विचार करण्यासाठी येथे व्होल्गाकाठच्या तातार भाषेतील काही शब्द घेतले आहेत.

तातार ही तुर्की भाषाकुलातील भाषा. तिचे प्रमुख केंद्र कझान हे शहर आणि आजच्या रशियन संघराज्यातील तातारस्तान हे प्रजासत्ताक. १५५२ मध्ये चौथ्या इव्हानने कझान जिंकले. तेव्हापासून ही भाषा रशियन सत्तेच्या छायेत नांदली आहे. विसाव्या शतकात तिची लिपी दोनदा बदलण्यात आली. शतकानुशतके अरबी लिपीत लिहिली जाणारी भाषा १९२० च्या दशकाच्या अखेरीस लॅटिन लिपीत आणि १९३९ मध्ये सिरिलिक लिपीत आणली गेली. परिणामी एकाच घरातील आजोबा, वडील आणि मुलगा यांना परस्परांची अक्षरे वाचता येऊ नयेत अशी स्थिती उद्भवली. अशा भाषेतून इंग्रजीत येणारे साहित्य पुष्कळदा रशियन भाषांतरावरून केले जाते, म्हणजे शब्दाला दोन उंबरठे ओलांडावे लागतात.

शिवाय इंग्रजीच्या घरात या लोकांविषयीचा एक शब्द आधीपासूनच बसलेला आहे. इंग्रजीने 'तातार' या नावात एक जादा 'र' घातला आणि ते 'टार्टर' केले. युरोपीय मध्ययुगात मंगोल स्वाऱ्यांच्या धास्तीने या नावाचा संबंध 'टार्टारस' या ग्रीक पाताळाशी जोडला गेला. पुढे इंग्रजीत 'टार्टर' म्हणजे उग्र, आवरता न येणारा माणूस असा अर्थ रूढ झाला. तातार शब्दाचे भाषांतर करणारा म्हणून कोऱ्या पाटीवर लिहीत नसतो.

२

बल्गेरियन अभ्यासक सेर्गेई व्लाखोव आणि सिदेर फ्लोरिन यांनी १९८० मध्ये रशियन भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात संस्कृतिविशिष्ट शब्दांसाठी 'रिआलिया' ही संज्ञा सविस्तर मांडली. एका समाजाच्या जीवनात असणाऱ्या आणि दुसऱ्या समाजाला अनोळखी असणाऱ्या वस्तूंची व गोष्टींची नावे, असा तिचा स्थूल आशय. ही संज्ञा उपयुक्त ठरली. पण तिच्या मुळाशी 'वस्तू' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे हे विसरता येत नाही. 'संस्कृतिविशिष्ट' म्हटले की डोळ्यांपुढे प्रथम वस्तूच येतात : खाद्यपदार्थ, पोशाख, वाद्ये, भांडीकुंडी.

तातार शब्दांच्या बाबतीत हेच घडताना दिसते. मधाच्या पाकात घोळलेल्या तळीव कणकेचे 'चॅक-चॅक', मांस व बटाटे भरलेला तिकोनी 'ओचपोचमाक', स्त्रियांचे भरतकाम केलेले शिरोभूषण 'काल्फाक' हे शब्द इंग्रजी मजकुरात सुखाने राहतात. ते तिरप्या ठशात छापले जातात, पुस्तकाच्या शेवटी त्यांचे अर्थ दिले जातात, आणि वाचकाला परदेशाची चव घेतल्याचे समाधान मिळते. याउलट माणसामाणसांतील संबंध सांगणारे शब्द मुकाट्याने इंग्रजी वेष धारण करतात. 'अबिय', 'आपा', 'कोदा', 'कोदागिय', 'ओमॅ', 'अबिस्ताय' यांच्या जागी काका, बहीण, नातेवाईक, मदत, मुल्लाची बायको यांचे इंग्रजी प्रतिशब्द येतात आणि कोणाला काही हरवल्यासारखे वाटत नाही.

या शब्दांनी काय गमावले ते पाहावे. तातार भाषेत 'भाऊ' या अर्थाचा, वयाचा उल्लेख टाळणारा रोजचा शब्द नाही. मोठा भाऊ 'अबिय', धाकटा 'एने'. मोठी बहीण 'आपा', धाकटी 'सेंगेल'. 'अबिय' आणि 'आपा' हे शब्द रक्ताच्या नात्यापलीकडेही जातात. वयाने मोठ्या परक्या माणसाच्या नावापुढे ते लावले जातात. शाळेतील शिक्षिकेलाही मुले तिच्या नावापुढे 'आपा' जोडून हाक मारतात. इंग्रजीत 'अंकल' म्हटले की नाते ठरते. केवळ नाव लिहिले की आदर जातो. 'मिस्टर' म्हटले की माणूस परका होतो. रोमन याकॉबसन यांनी १९५९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले, की भाषांमधील खरा फरक त्या काय सांगू शकतात यात नसून त्यांना काय सांगणे भागच पडते यात असतो. तातार वक्त्याला 'कोण मोठा' हे सांगणे भाग आहे. इंग्रजीला ते सांगणे भाग नाही, म्हणून इंग्रजी भाषांतर ते सांगत नाही, आणि मुळात तो भेद होता हेही वाचकाला कळत नाही.

'अबिस्ताय' या शब्दाचे उदाहरण अधिक बोलके आहे. ती मुल्लाची पत्नी खरीच. परंतु गावातील मुलींना आपल्या घरी वाचायला शिकवणारी, स्त्रियांच्या धार्मिक जीवनाचे नेतृत्व करणारी स्त्री म्हणून तिला मान असे. 'मुल्लाची बायको' या भाषांतरात तिचे लग्न राहते आणि तिचे काम पुसले जाते. तातार समाजातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला अशा भाषांतरातून त्या इतिहासाची एक कर्ती व्यक्तीच दिसणार नाही.

म्हणजे जे शब्द राखले जातात ते वस्तूंचे, आणि जे बदलले जातात ते बांधिलकीचे. परिणामी भाषांतरित पानावर तातार समाज हा वस्तूंनी भरलेला, पण परस्परांवरील हक्क आणि जबाबदाऱ्या नसलेला समाज म्हणून प्रकट होतो. संग्रहालयात हेच घडते : तेथे पोशाख असतो, पण तो कोणी कोणाला केव्हा द्यायचा हे सांगणारे कोणी नसते. भाषांतरातील हानी अटळ आहे हे मान्य केले, तरी हानीची ही वाटणी अटळ नाही. ती निवडीतून होते, आणि जेथे निवड आहे तेथे नैतिक प्रश्न आहे.

३

'अननुवाद्यता' हा शब्दाचा गुण नसून दोन भाषांमधील संबंध आहे, हे दाखवण्यासाठी मराठीकडे वळणे उपयुक्त ठरते. येथे मराठीचा उपयोग केवळ एक कसोटी म्हणून आहे.

'कोदा' आणि 'कोदागिय' हे शब्द इंग्रजीला अडतात. मुलाचा सासरा, मुलीची सासू अशी फोड करून सांगावे लागते. कारण दोन कुटुंबांना जोडणाऱ्या या नात्याला इंग्रजीत स्वतंत्र नावच नाही. मराठी वाचकाला येथे थांबण्याचे कारण नाही : कोदा म्हणजे व्याही, कोदागिय म्हणजे विहीण. या शब्दांमागचा मानपान, थट्टा, रुसवेफुगवे आणि अवघडलेपण यांचा तपशील दोन समाजांत भिन्न असेल; परंतु मूळ कल्पना, म्हणजे विवाहाने दोन व्यक्तीच नव्हे तर दोन घरे परस्परांशी बांधली जातात आणि त्या बांधणीला नाव असावे लागते, ही दोन्हींकडे आहे. 'जिंगी' म्हणजे थोरल्या भावाची बायको, मराठीत वहिनी. 'जिझनी' म्हणजे थोरल्या बहिणीचा नवरा, मराठीत दाजी. इंग्रजी मात्र या निरनिराळ्या नात्यांवर 'कायद्याने झालेले' भाऊबहीण एवढी एकच मोहर उमटवते.

'ओमॅ' हा शब्द असाच. घर बांधणे, लाकूड आणणे, हिवाळ्याच्या तोंडावर हंसांची पिसे काढून त्यांचे मांस साठवणे अशा कामांसाठी शेजारीपाजारी विनामोबदला एकत्र येतात आणि यजमान जेवण घालतो, त्याला ओमॅ म्हणतात. हंसांच्या ओमॅला गावातल्या मुली जमतात, गाणी म्हणतात, सोललेले हंस कावडीला लावून झऱ्यावर धुवायला नेतात. इंग्रजीत याला 'मदत' म्हणावे तर परतफेडीचे बंधन हरवते. 'सामूहिक श्रम' म्हणावे तर सोव्हिएत काळातील सक्तीच्या श्रमदानाचा वास येतो. मराठी शेतकऱ्याला मात्र इर्जिक ठाऊक आहे : गावकरी आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत, संध्याकाळी जेवून घरी जातात. कोकणात 'सावड' हा शब्द आहे. इर्जिक औताची आणि हंसांची ओमॅ मुलींच्या गाण्यांची. दृश्य वेगळे, पण ऋणाची रचना एक.

यावरून मराठी तातारला इंग्रजीपेक्षा 'जवळ' आहे असा भावनिक निष्कर्ष काढणे चूक ठरेल. निष्कर्ष एवढाच, की 'समानार्थी शब्द नाही' या विधानात 'इंग्रजीत' हे पद अध्याहृत असते, आणि ते अध्याहृत राहिले की इंग्रजीतील उणीव तातार शब्दाच्या माथी गूढता म्हणून मारली जाते. याचा फटका तिसऱ्या भाषेलाही बसतो. परदेशी साहित्य मराठीत बरेचसे इंग्रजीमार्फत आले आहे. इंग्रजीत 'मुलाची सासू' झालेली कोदागिय मराठीत आली तर ती 'मुलाची सासू' म्हणूनच येईल. विहीण दारात उभी असूनही तिला कोणी आत बोलावणार नाही. मध्यस्थ भाषेची दरिद्रता अशा रीतीने दोन समृद्ध भाषांमध्ये भिंत बनून उभी राहते.

४

काही शब्द मात्र असे आहेत की जेथे मराठीचाही इलाज चालत नाही. तातार संगीताविषयी बोलताना 'मोङ' हा शब्द टाळता येत नाही. त्यात सूर आहे, दुःख आहे, आठवणीची ओढ आहे. आवाज 'मोङली' आहे असे म्हटले की ती गायकाची सर्वोच्च स्तुती होते. प्राचीन तुर्कीत या शब्दाला दुःख, विवंचना असा अर्थ होता. तातारमध्ये त्याला सुराची बाजू जोडली गेली. ज्या पाच स्वरांच्या चौकटीत आणि लांबवलेल्या, गिरक्या घेणाऱ्या एकल स्वरात जुनी तातार गीते गायली जातात, तो या शब्दाचा खरा अधिवास. 'खिन्नता' म्हटले की सूर जातो, 'माधुर्य' म्हटले की दुःख जाते. मराठीतील 'हुरहूर' किंवा 'आर्तता' जवळ येतात. पण हुरहूर ऐकू येत नाही आणि आर्ततेला याचनेचा स्पर्श आहे. भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर येथे अभिधा आणि व्यंजना वेगळ्या काढताच येत नाहीत. व्यंजना हीच अभिधा झाली आहे.

कधी अडथळा शब्दात नसून व्याकरणात असतो. गबदुल्ला तुकाय (१८८६–१९१३) या कवीची 'शुराले' ही १९०७ मधील कथाकविता प्रसिद्ध आहे. लांब बोटांचा, माणसांना गुदगुल्या करून मारणारा शुराले हा वनातील भूतप्राणी एका लाकूडतोड्या तरुणाला गाठतो. तरुण आपले नाव 'बिल्तिर', म्हणजे 'गेल्या वर्षी', असे सांगतो आणि युक्तीने शुरालेची बोटे ओंडक्याच्या फटीत अडकवतो. मदतीला आलेले इतर शुराले 'कोणी चेपले?' असे विचारतात तेव्हा उत्तर येते 'बिल्तिर', आणि गेल्या वर्षी चेपले तर आज का ओरडतोस, म्हणून ते त्यालाच वेड्यात काढतात. तातारमध्ये कर्त्याला प्रत्यय लागत नाही आणि तो वगळताही येतो, म्हणून तेच दोन शब्द 'बिल्तिरने चेपले' आणि 'गेल्या वर्षी चेपले' असे दोन्ही अर्थ देतात. इंग्रजीत कर्त्यावाचून वाक्य उभे राहत नाही. मराठीत 'गुदस्ता' हा नेमका एकाक्षरी वाटावा इतका सुटसुटीत शब्द हाताशी आहे, आणि कर्ता वगळताही येतो. परंतु भूतकाळात 'गुदस्ताने चेपले' आणि 'गुदस्ता चेपले' यांच्यामध्ये तृतीयेचा 'ने' येऊन बसतो. शब्द मिळतो आणि विभक्ती तो हिरावून घेते.

अशा ठिकाणी भाषांतरकाराला अपयश येणे हा दोष नाही. बार्बरा कासँ यांनी २००४ मध्ये फ्रेंचमध्ये संपादित केलेल्या अननुवाद्य शब्दांच्या कोशामागची भूमिका येथे उपयोगी पडते : अननुवाद्य म्हणजे ज्याचे भाषांतर होत नाही ते नव्हे, तर ज्याचे भाषांतर पुन्हा पुन्हा करत राहावे लागते ते. 'मोङ' या शब्दापाशी अडखळणारा भाषांतरकार प्रामाणिक असतो. 'अबिस्ताय'ला 'मुल्लाची बायको' करताना न अडखळणाऱ्याचा प्रामाणिकपणा तपासावा लागतो.

५

मग उपाय एवढाच का, की नात्यांचे आणि बांधिलकीचे शब्दही तसेच राखावेत? श्लायरमाखरने १८१३ मध्ये भाषांतराचे दोन मार्ग सांगितले : लेखकाला वाचकाकडे आणावे किंवा वाचकाला लेखकाकडे न्यावे. १९९५ मध्ये लॉरेन्स व्हेनुटी यांनी दुसऱ्या मार्गाचा नैतिक कैवार घेतला. परंतु शब्द राखला म्हणजे अर्थ राखला असे होत नाही, हे 'साबान्तुय' या शब्दाच्या प्रवासावरून दिसते.

'साबान' म्हणजे नांगर, 'तुय' म्हणजे मेजवानी, सण किंवा लग्न. पूर्वी पेरणीच्या आधी, आणि पुढे पेरणी उरकल्यावर जूनमध्ये होणारा हा गावाचा उत्सव. त्यात कुस्ती, घोड्यांच्या शर्यती, गुळगुळीत खांबावर चढणे असे खेळ असतात. विजेत्यांना देण्यासाठी गावातून भरजरी कामाचे टॉवेल गोळा केले जातात. त्यांत त्या वर्षी लग्न होऊन आलेल्या सुनांनी आपल्या हातांनी विणून भरलेले टॉवेल विशेष मानाचे. म्हणजे नव्या सुनेचे कौशल्य गावासमोर येण्याची, आणि गावाने तिला आपली म्हणण्याची, ही रीत आहे. हा शब्द रशियनने जसाच्या तसा उचलला. पण त्याचे झाले काय? दुसऱ्या महायुद्धातील सैनिकांच्या बोलीत 'साबान्तुय' म्हणजे तोफांचा आणि बॉम्बचा भडिमार असा अर्थ आला. त्वार्दोव्स्की यांच्या 'वासिली त्योर्किन' या काव्याने तो वाचकांच्या ओळखीचा केला. बोलीभाषेत त्याला गोंगाटाची पार्टी असाही अर्थ मिळाला. शब्दाचे प्रत्येक अक्षर शाबूत राहिले आणि नांगर, सून, टॉवेल, गाव हे सारे गळून पडले.

पॉल रिकरने भाषांतराला 'भाषिक आतिथ्य' म्हटले. हे रूपक सुंदर आहे, पण त्यात एक अडचण आहे. पाहुणा पाहुणाच राहतो; घराचे नियम यजमानाचे असतात. तिरप्या ठशातला शब्द हा असाच ओसरीवर बसवलेला पाहुणा. त्याला आदराने वागवले जाते, पण घरातले काम त्याला सांगितले जात नाही. शब्दाला खरोखर आत घ्यायचे तर त्याला काम द्यावे लागते. पहिल्या प्रकरणात एखाद्या परक्या म्हाताऱ्याला, दुसऱ्यात थोरल्या भावाला, तिसऱ्यात शेजाऱ्याला 'अबिय' म्हटलेले वाचकाने पाहिले, की चौथ्या प्रकरणात कोणीतरी रागाने हा शब्द गाळतो तेव्हा त्या गाळण्याचा अपमान वाचकाला टिपेशिवाय कळतो. शब्दसूचीतून हे ज्ञान मिळत नाही. ते व्यवहारातून मिळते.

येथे एक रास्त आक्षेप येईल. वाचकाचेही काही हक्क असतात. अनोळखी शब्दांनी गच्च भरलेले पुस्तक कोणी वाचणार नाही, आणि न वाचलेल्या भाषांतराने तातार साहित्याचे काहीच भले होणार नाही. आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच वाटणीचा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. वाचकाची सहनशक्ती मर्यादित असेल तर ती कशावर खर्च करायची? तिकोनी पदार्थाला 'तिकोनी मांसपोळी' म्हटल्याने कोणावर अन्याय होत नाही. काल्फाकला 'भरजरी टोपी' म्हटले तरी गोष्ट चालते. वाचकाकडून चारच परके शब्द शिकून घ्यायचे असतील, तर ते चार शब्द जेवणाच्या ताटातले नसावेत; माणसे एकमेकांना कशाने बांधलेली आहेत हे सांगणारे असावेत. प्रचलित रीत याच्या नेमकी उलट आहे.

६

या साऱ्यात भाषांतरकार कोणाला देणे लागतो, हा अखेरचा प्रश्न. प्रचलित उत्तर दोन धनको सांगते : मूळ लेखक आणि परका वाचक. तातारसारख्या भाषेच्या बाबतीत तिसरा धनकोही आहे, आणि तो सहसा हिशेबात धरला जात नाही.

रशियाच्या २०१० च्या जनगणनेत सुमारे ५३ लाख लोकांनी स्वतःला तातार म्हणवले. २०२१ च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ४७ लाखांवर आली. त्यांतील बहुसंख्य तातारस्तानाबाहेर राहतात. प्रजासत्ताकाच्या शाळांमध्ये सर्वांना सक्तीचे असलेले तातारचे अध्यापन २०१७ मध्ये संपुष्टात आले, आणि २०१८ च्या संघराज्यीय कायद्याने अशा भाषांचे शिक्षण पालकांच्या इच्छेवर सोपवले. तातार कुटुंबे फिनलंड, तुर्कस्तान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथेही पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कझानमध्ये जन्मलेल्या गुझेल याखिना यांची २०१५ मधील 'झुलेखा डोळे उघडते' ही कादंबरी रशियनमध्येच लिहिली गेली. तिच्यातील तातार शब्दांचे अर्थ रशियन वाचकासाठी शेवटी द्यावे लागले. २०१९ मध्ये ती इंग्रजीत आली. तातार घराची गोष्ट सांगताना तातार शब्द आधीच पाहुणे झालेले आहेत.

अशा स्थितीत इंग्रजी भाषांतराचा वाचक परकाच असेल असे गृहीत धरता येत नाही. ज्या मुलीच्या आजीने 'आपा' ही हाक रोज ऐकली, पण जिच्यापर्यंत भाषा पोचली नाही, ती हे पुस्तक आपल्या घराचा शोध घेण्यासाठी उघडू शकते. चॅक-चॅक तिला ठाऊक असतो. तो सणाला घरी होतच असतो. पदार्थ भाषेवाचूनही टिकतात. भाषेवाचून जे टिकत नाही ते म्हणजे थोरल्याला थोरला म्हणण्याची, व्याह्याला व्याही म्हणण्याची, हंस सोलायला कोणाला बोलवायचे आणि कोणाच्या हाकेला आपण जायचे हे जाणण्याची रीत. मराठी घरांतही काका, मामा, आत्याचा नवरा हे सारे एका 'अंकल'मध्ये विरघळताना दिसतात. तेव्हा शब्दाबरोबर नेमके काय जाते, हे मराठी वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

त्या मुलीच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात सर्व पदार्थांची नावे तातार असतील आणि सर्व माणसे इंग्रजी असतील, तर भाषांतरकाराने तिला तिच्याकडे असलेलेच परत दिले आणि जे तिच्याकडे नव्हते ते वाटेत गाळले असे म्हणावे लागेल. कोणताही एक शब्द राखण्याचे किंवा बदलण्याचे कर्तव्य भाषांतरकारावर नाही. परंतु काय राखले आणि काय सोडले याचा हिशेब तिच्यापुढे ठेवता येईल अशा रीतीने निवड करणे, हे कर्तव्य त्याला टाळता येत नाही.